समजले की समजावले? अटकेची आणि आरोपाची भाषा

सीमाभागातील भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शाळा येते, दुकानांवरच्या पाट्या येतात, बसवरचे फलक येतात. आणि ज्यांचे निम्मे आयुष्य कचेऱ्यांचे उंबरे झिजवण्यात गेले, त्यांच्या डोळ्यांपुढे शेताचे उतारे येतात. मराठीतून परिपत्रके व कागदपत्रे मिळावीत ही मागणी किती मोर्चांनी किती वेळा केली, याची गणती आता कोणी ठेवत नाही. परंतु या साऱ्या गदारोळात एक जागा आमच्या चळवळीच्या नजरेतून सतत निसटत आली आहे. ती जागा म्हणजे पोलीस ठाण्याची कोठडी आणि तिच्या पुढचे फौजदारी न्यायालय.

शेताचा उतारा परभाषेत आला तर माणसाचे नुकसान होते, पण तो कोणाकडून तरी वाचून घेता येतो. आज नाही तर उद्या घेता येतो. अटकेचे कारण मात्र उद्या कळून उपयोगाचे नसते. पहिल्या चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे राहायचे असते, जामीन मागायचा असतो, वकिलाला काहीतरी सांगायचे असते. आपल्याला कशासाठी धरले आहे हेच ज्याला नीट कळलेले नाही, तो वकिलाला काय सांगणार? या जागी मानवाधिकारांच्या कायद्याने आपल्यासाठी काहीतरी आधीच करून ठेवले आहे, असे आमचे म्हणणे आहे. मात्र आपण ज्या गोष्टीसाठी भांडत आलो ती ही नव्हे. ती थोडी निराळी, थोडी लहान, आणि आमच्या मते अधिक लवकर हाती येणारी आहे.

भाषा न कळता माणूस फासावर जातो, हे अतिशयोक्त वाक्य नाही. आयर्लंडच्या पश्चिमेस गॉलवे आणि मेयो या परगण्यांच्या सीमेवर मामट्रासना नावाचे खेडे आहे. १८८२ च्या ऑगस्टमध्ये तेथे एकाच कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली. धरलेल्यांत माइल्स जॉइस नावाचा एक शेतकरी होता. त्याला आयरिश भाषेखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. खटला डब्लिनला इंग्रजीत चालला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला त्याला गॉलवेच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्याच्याबरोबर फासावर गेलेल्या दोघांनी, हा मनुष्य निर्दोष आहे, असे मरणापूर्वी सांगून ठेवले होते. कादंबरीकार जेम्स जॉइसने १९०७ साली इटलीच्या भाषेत लिहिलेल्या एका लेखात या खटल्याची आठवण काढली. ज्या न्यायासनापुढे आपले म्हणणे मांडता येत नाही त्यापुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यात त्याला आपला सारा देशच दिसला. आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी माइल्स जॉइसला क्षमा दिली ती २०१८ साली, म्हणजे एकशे छत्तीस वर्षांनी. आयरिश ही तेव्हा कोणत्याही सभागृहाची भाषा नव्हती, पण त्या माणसाच्या घराची ती एकुलती एक भाषा होती. न्यायाच्या दृष्टीने एवढे पुरेसे असायला हवे होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगाने जे हक्क लिहून काढले त्यांत हे ‘पुरेसे’ असणे हळूहळू शब्दबद्ध झाले. १० डिसेंबर १९४८ च्या मानवाधिकार जाहीरनाम्यात भाषेच्या कारणावरून भेदभाव नको असे दुसऱ्या कलमात आले. (त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ ऐवजी ‘सर्व मानव’ असा पाठ यावा म्हणून आग्रह धरणाऱ्या हंसाबेन मेहता पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या, बडोदेकर मराठी वाचकांना हे आठवून बरे वाटेल. एका शब्दाने कायद्याची व्याप्ती किती बदलते हे त्यांना ठाऊक होते.) परंतु खटल्याच्या भाषेविषयी स्पष्ट वाक्य आले ते १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात. त्याचे नववे कलम सांगते की अटक करताना अटकेची कारणे सांगितली पाहिजेत. चौदावे कलम त्यापुढे जाते: आरोपाचे स्वरूप आणि कारण आरोपीला समजेल अशा भाषेत, तपशिलाने व तत्काळ सांगितले पाहिजे, आणि न्यायालयाची भाषा त्याला समजत किंवा बोलता येत नसेल तर दुभाषा विनामूल्य मिळाला पाहिजे.

भारताने हा करार १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारला. स्वीकारताना काही कलमांबाबत हात राखून ठेवले. नवव्या कलमाबाबत तर दोन गोष्टी बजावल्या. एक, प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या घटनात्मक तरतुदी कायम राहतील. दोन, बेकायदा अटकेबद्दल भरपाईचा हक्क आमच्या व्यवस्थेत नाही. चौदाव्या कलमाबाबत मात्र भारताने काहीही राखून ठेवलेले नाही. आरोपीला समजेल अशा भाषेचे वचन भारताने बिनशर्त दिलेले आहे.

आता कोणी विचारील, परदेशात सही केलेल्या कराराला खानापूरच्या फौजदाराने का जुमानावे? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे करार आपोआप कायदा होत नाही. पण त्याचा शिरकाव झाला आहे आणि तो मागच्या दाराने नव्हे. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की एकविसाव्या कलमातील ‘कायद्याने ठरवलेली पद्धत’ ही न्याय्य, रास्त व वाजवी असली पाहिजे. त्यानंतर ‘न्याय्य’ म्हणजे काय हे ठरवताना जगाच्या करारांकडे पाहणे स्वाभाविक झाले. १९९३ च्या नीलाबती बेहेरा खटल्यात तर ज्या भरपाईच्या हक्काबाबत सरकारने हात राखून ठेवला होता, त्याच कराराच्या कलमाचा आधार न्यायालयाने भरपाई देताना घेतला. त्याच वर्षीच्या मानवाधिकार संरक्षण कायद्याने मानवाधिकारांच्या व्याख्येतच, न्यायालयांकडून अंमलात आणता येतील असे करारातले हक्क अंतर्भूत केले. १९९७ साली विशाखा निवाड्याने सांगितले की देशी कायदा मूक असेल तेथे, त्याच्याशी विसंगत नसलेला आंतरराष्ट्रीय करार मूलभूत हक्कांच्या अर्थात वाचता येतो. सरकारे सही करून विसरतात आणि न्यायालये ती सही बाहेर काढून दाखवतात, असा हा व्यवहार आहे.

पण एक गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवू इच्छितो, कारण आपल्याकडे मानवाधिकार म्हटले की ते पाश्चात्त्यांकडून उसने आणलेले काहीतरी आहे असे बोलण्याची रीत पडली आहे. समजेल अशा भाषेचा हक्क आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या कराराच्या चार वर्षे आधी, १९६२ साली, आपल्याच घटनेच्या बाविसाव्या कलमातून काढलेला आहे, आणि तोही महाराष्ट्रातल्याच प्रकरणात. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य असे त्या खटल्याचे नाव. स्थानबद्ध केलेल्या माणसाला कारणे इंग्रजीत देण्यात आली. त्याने हिंदी भाषांतर मागितले. ते नाकारले गेले. शासनाचे म्हणणे असे की इंग्रजी ही अजून राजभाषा आहे आणि तोंडी अर्थ समजावून सांगितला आहेच. न्यायालयाने हे मान्य केले नाही. कारणे ‘कळवणे’ म्हणजे कागद हातात ठेवणे नव्हे. ती त्या माणसाच्या बुद्धीपर्यंत पोचली पाहिजेत, त्याला समजणाऱ्या भाषेत आणि वाचता येणाऱ्या लिपीत पोचली पाहिजेत. त्याची सुटका झाली. लिपीचा हा उल्लेख आम्हा सीमावासीयांनी सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवावा असा आहे, कारण आपल्याकडील अनेकांना बोलली जाणारी कन्नड कानावरून कळते, पण त्या लिपीतले एक अक्षर वाचता येत नाही.

१९८१ साली लल्लुभाई जोगीभाई पटेल यांच्या प्रकरणात तोच मुद्दा अधिक नेमका झाला. स्थानबद्धाला फक्त गुजराती येत होती. कारणे इंग्रजीत होती. पोलीस निरीक्षकाने ती गुजरातीत समजावून सांगितली अशी सरकारची बाजू होती. न्यायालयाने ते अपुरे ठरवले. १९९९ साली तमिळनाडूतील पोवनम्माल खटल्यात तमिळखेरीज काही न कळणाऱ्या स्त्रीला एक कागद इंग्रजीतच दिला गेला, भाषांतर दिले नाही; स्थानबद्धता रद्द झाली.

हे सारे निवाडे स्थानबद्धतेचे होते. साध्या अटकेला ते लागू पडतात का, यावर बरीच वर्षे ‘तोंडी सांगितले’ या दोन शब्दांचे पांघरूण होते. ते गेल्या काही वर्षांत दूर झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सक्तवसुली संचालनालयाच्या अटकांबाबत, मे २०२४ मध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालील अटकांबाबत लेखी कारणे देणे आवश्यक ठरले. आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. तत्काळ लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावे, पण दंडाधिकाऱ्यापुढे कोठडीसाठी उभे करण्यापूर्वी किमान दोन तास आधी लेखी प्रत द्यावी. हे न झाल्यास अटक व कोठडी बेकायदा ठरेल. हा नियम निपाणीला जितका लागू आहे तितकाच नाशिकलाही. त्यासाठी महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

येथवर वाचून वाचकांना वाटेल की मग झाले तर. आमच्या मते खरी अडचण येथूनच सुरू होते, आणि ती भाषेची आहे.

आपल्या भागातील कोर्टकचेरीच्या शब्दांचे एक वैशिष्ट्य असे की त्यांतले निम्मे दोन्ही भाषांत सारखे आहेत. फिर्याद, वकील, जामीन, जप्ती, आरोपी, अपराध: फारसी-अरबीतून आणि संस्कृतातून दोघींनी समाईक वारसा घेतला. पंचनाम्याला कर्नाटकातील पोलीस ‘महजर’ म्हणतात; हा शब्द तर शिवकाळातील आणि पेशवाईतील मराठी कागदांत पदोपदी भेटतो. गोतसभेने बसून केलेल्या निवाड्याचा साक्षीनिशी लेख म्हणजे महजर. आपण तो शब्द सोडून दिला, शेजाऱ्याने ठेवला. हे सारे अभ्यासकाला आनंद देणारे आहे, पण आरोपीला घातक आहे. कारण ओळखीचे शब्द कानावर पडत राहिल्याने सांगणाऱ्याला वाटते, याला समजले, आणि ऐकणाऱ्यालाही वाटते, आपल्याला समजले. शब्द ओळखीचे आणि वाक्य परके अशी ही अवस्था असते.

त्यात काही शब्द असे की ते दोन्हींकडे आहेत पण अर्थ निराळे. मराठीत ‘अनुमान’ म्हणजे खुणांवरून तर्काने काढलेला निष्कर्ष. कन्नडच्या रोजच्या बोलण्यात ‘अनुमान’ म्हणजे संशय. ‘ननगे अवन मेले अनुमान इदे’ याचा अर्थ ‘मला त्याच्यावर संशय आहे’. फौजदारी कायद्यात संशय आणि अनुमान यांच्यामध्ये केवढे अंतर आहे हे कोणत्याही वकिलाला विचारावे. संशयावरून शिक्षा होत नाही, पुराव्यावरून काढलेल्या अनुमानावरून होते. ‘अवसर’ मराठीत संधी, कन्नडात घाई. ‘मर्यादा’ आपल्याकडे सीमा, त्यांच्याकडे ‘मर्यादे’ म्हणजे मान, प्रतिष्ठा. साक्षीदार एका अर्थाने बोलतो, लिहिणारा दुसऱ्या अर्थाने लिहितो, आणि कागदावर जे उरते त्यात भाषांतर झाल्याची खूणही राहत नाही.

खूण न राहणे ही बाब आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. समजा, एका मराठी शेतकऱ्याने पोलिसाला मराठीत हकिकत सांगितली. पोलिसाने ती कन्नडात उतरवली. जबाबात प्रथमपुरुषी वाक्ये आहेत, ‘मी असे केले, मी तसे पाहिले’, आणि शेवटी वाचून दाखवल्याचे व बरोबर असल्याचे ठरावीक वाक्य आहे. दोन वर्षांनी न्यायालयात तो माणूस मराठीत काही वेगळे बोलला की विसंगती दाखवली जाते. विसंगती कोणाची? त्याच्या दोन बोलण्यांतील, की त्याच्या बोलण्यातील आणि दुसऱ्याच्या भाषांतरातील? कागद या प्रश्नाचे उत्तर देत नाही, कारण कागदाच्या मते भाषांतर झालेलेच नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात, यावर काही उपाय आहेत; ते जुन्या संहितेतूनच आले आहेत. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत भर न्यायालयात सांगितली पाहिजे, असे ३१४ वे कलम म्हणते. हीच तरतूद १८९८ च्या संहितेतही होती. आरोपीची तपासणी शक्यतो त्याच भाषेत नोंदवावी असे ३१६ वे कलम म्हणते. दुभाषाने खरे तेच भाषांतर केले पाहिजे असे ३१७ वे. कायदा वाईट नाही. त्यात जे नाही ते असे: भाषा समजते की नाही हे कोणी, केव्हा आणि कसे ठरवायचे, याची पद्धत. युरोपीय संघाने २०१० च्या आपल्या निर्देशात नेमकी हीच गोष्ट सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक केली. आरोपीला भाषा समजते का हे तपासण्याची व्यवस्था हवी. स्वातंत्र्य हिरावणारा आदेश, आरोपपत्र आणि निकाल यांचे लेखी भाषांतर हवे. आणि दुभाषा बरोबर काम करीत नसेल तर तक्रार करण्याची सोय हवी. त्याआधी १९७८ सालीच युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जर्मनीला बजावले होते की दुभाषाचा खर्च शिक्षा झालेल्या माणसाकडूनही वसूल करता येणार नाही. आमच्याकडे अनेकदा दुभाषाचे काम करतो तो ठाण्यातला शिपाई, कोर्टातला कारकून किंवा स्वतः आरोपीचा वकील. लल्लुभाई पटेल खटल्यातही समजावून सांगणारा पोलीस निरीक्षकच होता, हे विसरू नये.

आता आमच्याच बाजूच्या एका समजुतीविषयी. ‘मला कन्नड येते, पण मी मराठी आहे, म्हणून माझा खटला मराठीतच चालला पाहिजे’ हे म्हणणे भावनेला पटते. मानवाधिकार कायद्याला पटत नाही. फ्रान्समधील ब्रेतॉन भाषकांच्या एका कार्यकर्त्यावर रस्त्यावरचे फ्रेंच फलक विद्रूप केल्याचा आरोप होता. (पाट्यांचे आंदोलन आम्हाला नवे नाही, म्हणून या खटल्याकडे आमचे लक्ष गेले.) त्याने ब्रेतॉनमध्ये बोलण्याची व दुभाषाची मागणी केली, न्यायालयाने ती नाकारली. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे गेले आणि १९९० साली समितीनेही त्याच्या विरुद्ध मत दिले. त्याला फ्रेंच पुरेशी येते. न्याय्य खटल्याचा हक्क म्हणजे आवडत्या भाषेत बोलण्याचा हक्क नव्हे, असे तिचे म्हणणे. आम्हाला हे मत कोरडे वाटते, पण ते कायद्याचे आजचे मत आहे आणि त्याकडे डोळेझाक करून आपण फक्त हरणारे खटले लढवू.

मात्र या मतातील ‘पुरेशी’ या शब्दाला आम्ही सोडणार नाही. बाजारात वांगी विकण्यापुरती कन्नड, एसटी स्टँडवर गाडी विचारण्यापुरती कन्नड, आणि ‘समान उद्देशाने केलेले कृत्य’ या आरोपाचा अर्थ समजण्यापुरती कन्नड या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ‘तुला कन्नड येते ना?’ या प्रश्नाला बाजारातला माणूस भीतीने वा अभिमानाने ‘होय’ म्हणतो, आणि तेवढ्यावर त्याचा हक्क संपतो. पुरेशी म्हणजे कशाला पुरेशी, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे.

आवडत्या भाषेचा हक्क जगात कुठेच नाही असे नव्हे. तो मिळतो, पण दुसऱ्या दाराने. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ब्यूलॅक खटल्यात सांगितले की आरोपीला इंग्रजी किती येते हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याने फ्रेंच निवडली की फ्रेंच जाणणारे न्यायाधीश व ज्युरी मिळाले पाहिजेत, आणि ते न मिळाल्याने खुनाचा खटला नव्याने चालवण्याचा आदेश दिला. पण हा हक्क त्यांच्या फौजदारी संहितेने दिलेला भाषिक हक्क आहे. न्याय्य खटल्याच्या हक्काहून तो वेगळा, असे त्याच निवाड्याने स्पष्ट केले. इटलीच्या उत्तर सीमेवरील बोल्झानो प्रांतात जर्मन भाषकांना न्यायालयात जर्मन वापरता येते, ते तेथील स्वायत्ततेच्या कायद्यामुळे. आणि १९९८ साली युरोपीय न्यायालयाने तो हक्क तेथे खटला भरलेल्या एका ऑस्ट्रियन मालमोटार चालकाला व एका जर्मन पर्यटकालाही लागू केला. समजण्याचा हक्क माणूस म्हणून मिळतो. निवडीचा हक्क समाज म्हणून, राजकारणातून मिळवावा लागतो. दोन्हींसाठी झगडावे, पण एकाचा अर्ज दुसऱ्याच्या खिडकीवर देऊ नये.

निवडीच्या हक्काची खिडकी आपल्या संहितेतही आहे, आणि ती फारशी कोणी उघडून पाहिलेली नाही. ३०७ व्या कलमाप्रमाणे राज्य सरकार आपल्या राज्यातील, उच्च न्यायालय सोडून, ‘प्रत्येक न्यायालयाची’ भाषा ठरवू शकते. कलम राज्याला एकच भाषा ठरवायला सांगत नाही. न्यायालयागणिक निराळी भाषा ठरवण्यास ते वाव देते. खानापूरच्या न्यायालयासाठी कन्नडबरोबर मराठीही ठरवण्यास कायद्याची आडकाठी दिसत नाही. घटनेचे ३४७ वे कलम राज्याच्या एखाद्या भागात एखाद्या भाषेला मान्यता देण्याचा अधिकार राष्ट्रपतींना देते, तेही याच दिशेचे. ही मागणी राजकीय आहे आणि ती मोर्चातच मांडावी.

कोठडीतली मागणी मात्र मोर्चाची नाही, आणि ती करताना आमच्या मते एक पथ्य पाळले पाहिजे. जत तालुक्यात, अक्कलकोटमध्ये कन्नड भाषक आहेत. तेथील ठाण्यांत कागद मराठीत लिहिले जातात. ‘सदरहू इसमाने उपरोक्त ठिकाणी’ अशी वाक्ये अक्कलकोटच्या कन्नड शेतमजुराला जितकी परकी, तितकाच कन्नड जबाब आपल्या माणसाला परका. (खरे सांगायचे तर ती वाक्ये मराठी शेतमजुरालाही परकीच, कागद मराठीत आहे म्हणजे तो समजतो, हे गृहीतच तपासून पाहण्यासारखे आहे.) समजण्याचा हक्क आपण बेळगावात मागतो आणि अक्कलकोटबाबत गप्प बसतो, असे झाले तर तो हक्क राहत नाही, हट्ट ठरतो. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहावे: अक्कलकोटच्या कन्नड माणसाला लेखी कन्नड कारणे मिळाल्याचा एक आदेश निपाणीच्या वकिलाच्या हातात असणे, हे दहा निवेदनांपेक्षा अधिक कामाचे आहे.

तोवर करण्याजोगे पुष्कळ आहे. अटक झालेल्याच्या नातेवाइकांनी पहिली गोष्ट विचारावी ती लेखी कारणांची मराठी प्रत. ती मिळाली नसेल तर वकिलाने पहिल्याच कोठडीच्या अर्जावर तशी हरकत लेखी नोंदवावी, कारण नंतर काढलेल्या मुद्द्याला पश्चातबुद्धी म्हणण्याची सोय असते. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते. ज्या कागदांवर सही द्यावी लागते त्यांवर सहीच्या वर स्वतःच्या हाताने, देवनागरीत, ‘या कागदाची भाषा मला वाचता येत नाही’ एवढे लिहावे. साक्ष चालू असताना ३१४ व्या कलमाखाली भाषांतर मागावे आणि ते कोणी केले याची नोंद रोजनाम्यात करून घ्यावी. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

आणि आपल्या भागातील वकील मंडळींनी अटकेच्या कारणांचा एक द्विभाषिक नमुना तयार करावा, अशी आमची विनंती आहे. डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी. नेहमीच्या पंचवीस-तीस गुन्ह्यांची कारणे घरच्या मराठीत, सरकारी मराठीत नव्हे. तो बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार येथील ठाण्यांना द्यावा आणि स्तंभ उलटे करून जत-अक्कलकोटलाही पाठवावा. पहिला मसुदा दोन्ही भाषा उत्तम जाणणाऱ्या एखाद्या कन्नड वकिलाकडून तपासून घ्यावा. ‘अनुमान’ या शब्दापाशी तो थांबला, तर मसुदा योग्य माणसाच्या हाती पडला असे समजावे.